स्वप्नातील चेहऱ्यांची नोंदवही

४ नोव्हेंबर २०२४, गंगापूर रोड, नाशिक

काल भाऊबीजेला आम्ही सारी भावंडे माझ्या घरी जमलो होतो. फराळ आटोपल्यावर भाच्याने बोलता बोलता एक विधान केले आणि त्यातूनच हे काम सुरू होत आहे. तो म्हणाला, "मावशी, स्वप्नात दिसणारा प्रत्येक चेहरा आपण जागेपणी कधी ना कधी पाहिलेलाच असतो. मनाला नवा चेहरा तयारच करता येत नाही." हे वाक्य मी यापूर्वीही अनेकांकडून ऐकले आहे आणि दर वेळी ते सिद्ध झालेल्या गोष्टीसारखे सांगितले जाते. शाळेत ३१ वर्षे चित्रकला शिकवताना मुलांच्या हातून हजारो चेहरे कागदावर उतरलेले मी पाहिले आणि त्यांतील बहुतेक चेहरे कोणाचेही नव्हते. नऊ वर्षांच्या मुलाला जागेपणी जे जमते ते माणसाला झोपेत जमू नये, हे मला पटले नाही. परंतु न पटणे हे काही उत्तर नव्हे, म्हणून प्रत्यक्ष नोंदी ठेवून पाहायचे ठरवले आहे.

पद्धत अशी. उशाशी वही, मऊ शिशाची पेन्सिल आणि छोटा दिवा ठेवायचा. जाग येताच स्वप्नात जो चेहरा दिसला असेल तो ताबडतोब रेखाटायचा. चौघे जण नोंदी ठेवणार आहोत : मी, नाशिक रोडला राहणारी माझी धाकटी बहीण, तिचा मुलगा आणि नोटप्रेसमधून निवृत्त झालेले शेजारचे अण्णा. इतरांना चित्र काढण्याचा सराव नाही, त्यामुळे त्यांनी चेहऱ्याचे वर्णन लिहावे आणि आठवड्यातून एकदा मी त्यांच्याशेजारी बसून त्यावरून रेखाटन करावे, असे ठरले आहे.

११ नोव्हेंबर २०२४

पहिला आठवडा निराशेचा गेला. चौघांच्या मिळून फक्त पाच नोंदी झाल्या आणि त्यांपैकी दोन नोंदी "काहीतरी होते, पण गेले" अशा आहेत.

वेळेचा विचार आधी करायला हवा होता. झोपेत डोळे पापण्यांखाली वेगाने हलतात असा काळ रात्रीतून चार-पाच वेळा येतो. शिकागो विद्यापीठातील यूजीन अॅसरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली तो प्रथम स्पष्टपणे मांडला आणि त्या काळात उठवलेली माणसे बहुतेक वेळा स्वप्न सांगू शकतात, असे दाखवून दिले. या झोपेला रेम झोप म्हणतात. तिचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात, म्हणजे ज्या वेळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, काकड आरतीला निघालेली माणसे दिसू लागतात, त्याच वेळी घरोघरी सर्वांत लांब स्वप्ने चालू असतात. आम्ही मात्र सकाळी सात वाजता, दूधवाल्याची घंटा ऐकून आणि अंथरुणाची घडी घालून झाल्यावर आठवायला बसत होतो.

या कामात आपण पहिले नाही, हे वाचून धीर आला. मेरी व्हिटन कॅल्किन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १८९३ साली आपल्या स्वप्नांच्या मोजणीवर निबंध प्रसिद्ध केला. रात्री वेगवेगळ्या वेळांचा गजर लावून त्या उठत आणि त्याच क्षणी लिहीत. त्यासाठी कागद, पेन्सिल, मेणबत्ती व काड्यापेटी त्या हाताशी ठेवत. अशा रीतीने त्यांनी स्वतःची २०५ स्वप्ने नोंदवली. आता अशी सुधारणा केली आहे : गजर पहाटे पाचचा लावायचा, जाग आल्यावर कूस बदलायची नाही, डोळे मिटलेलेच ठेवून स्वप्न शेवटाकडून सुरुवातीकडे मनात फिरवायचे आणि मगच दिवा लावायचा.

१९ नोव्हेंबर २०२४

आजची नोंद सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आज माझी चूक मला सापडली.

पहाटे आई स्वप्नात आली. ती जाऊन पंधरा वर्षे झाली. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसून ती सुपातले तांदूळ निवडत होती आणि मी बाजूला उभी होते. जाग आली तेव्हा चेहरा इतका लख्ख डोळ्यांसमोर होता की मी दहा मिनिटांत रेखाटन पूर्ण केले. ते मला फार साधले असे वाटले. डोळ्यांखालची सावली, ओठांची ठेवण, हनुवटी, सारे तिचेच होते. दुपारी बहीण आली. तिने वही हातात घेतली, एकदा चित्राकडे आणि एकदा भिंतीकडे पाहिले आणि म्हणाली, "ताई, हा तर आपल्या हॉलमधला फोटो आहे."

ती म्हणाली ते अक्षरशः खरे होते. हॉलमधला फोटो १९७८ साली मेन रोडवरच्या एका स्टुडिओत काढलेला आहे. त्यात आईची मान किंचित उजवीकडे वळलेली आहे आणि फोटोग्राफरने सांगितल्यामुळे तिने हनुवटी थोडी उचललेली आहे. प्रकाश एका बाजूने आलेला असल्याने एक गाल उजळ आणि दुसरा छायेत आहे. मी काढलेल्या चित्रात मान तशीच वळलेली होती, हनुवटी तशीच उचललेली होती आणि छायाही त्याच गालावर होती. वास्तविक स्वप्नात आई खाली वाकून सुपात पाहत होती. तांदूळ निवडणाऱ्या बाईची हनुवटी वर उचललेली कशी असेल? स्वप्नातल्या ओसरीवर स्टुडिओचा दिवा कोठून येईल?

म्हणजे जाग आल्यापासून पेन्सिल टेकेपर्यंतच्या काही क्षणांत माझ्या मनाने स्वप्नाची रिकामी जागा भिंतीवरच्या फोटोने भरून काढली आणि ती भरल्याचे मला कळलेही नाही. "लख्ख चेहरा दिसला" ही माझी खात्री पूर्णपणे प्रामाणिक होती, पण तो लख्खपणा स्वप्नाचा नसून जागेपणीच्या स्मरणाचा होता. हे जर माझ्याबाबत, चेहरे पाहण्याची आणि काढण्याची आयुष्यभर सवय असलेल्या व्यक्तीबाबत, घडत असेल, तर सकाळी चहा घेताना "मला स्वप्नात अमक्याचा चेहरा दिसला" असे सांगणाऱ्या कोणत्याही माणसाच्या सांगण्याचा आपण नेमका काय अर्थ घ्यावा?

मागील सर्व रेखाटनांवर आडवी रेघ मारली आहे. आजपासून क्रम उलटा राहील. आधी शब्द लिहायचे : व्यक्ती कोणत्या बाजूने दिसली, काय करत होती, चेहऱ्याचा कोणता भाग खरोखर दिसला. त्यानंतर एक नवा रकाना भरायचा, "कशावरून ओळखले?" चित्र सर्वांत शेवटी काढायचे आणि जेवढे शब्दांत आले असेल तेवढेच काढायचे.

२ डिसेंबर २०२४

नव्या रकान्याने प्रकल्पाची दिशाच बदलली. आतापर्यंत चौघांची मिळून २६ स्वप्ने नोंदली गेली, त्यांत ५८ माणसे आली आणि त्यांपैकी ३१ ओळखीची होती. या ३१ पैकी १२ जणांपुढे "कशावरून ओळखले?" या रकान्यात "चेहऱ्यावरून" असे लिहिलेले आहे. उरलेल्यांपुढे "आवाजावरून", "पाठमोऱ्या चालण्यावरून" अशा काही नोंदी आहेत. परंतु सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द आहे "माहीतच होते".

या "माहीतच होते" प्रकारातील दोन नोंदी उतरवून ठेवते. बहिणीच्या स्वप्नात तिच्या सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. चेहरा मात्र तिच्या बँकेतल्या एका सहकारी बाईंचा होता. "तो चेहरा सासूबाईंचा नाही हे मला दिसत होते आणि त्या सासूबाईच आहेत हे मला माहीत होते, आणि स्वप्नात त्यात काही चुकीचे आहे असे मला एकदाही वाटले नाही," असे तिने लिहिले आहे. अण्णांच्या स्वप्नात ते पुन्हा नोटप्रेसमध्ये कागदाचे ताव मोजत होते आणि मोजणीत चूक झाली म्हणून त्यांचे जुने साहेब रागावत होते. साहेबांना चेहरा होता तो अण्णांच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांचा. मी त्यांना विचारले की नोकरीभर रोज हजारो वेळा पाहिलेला गांधीजींचा चेहरा कधी स्वप्नात आला का. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "नाही हो बाई. नोटा येतात स्वप्नात, पण त्यांच्यावरचा चेहरा मी कधी पाहिल्याचे आठवत नाही."

हार्वर्डमधील डेव्हिड कान, रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि अॅलन हॉब्सन यांच्या गटाने २००० साली याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी ३३ प्रौढांकडून ३२० स्वप्नांच्या नोंदी घेतल्या. त्यांतील ४८ टक्के पात्रे नावाने ओळखीची होती, ३५ टक्के "पोलीस", "मैत्रीण" अशा भूमिकेवरून किंवा नात्यावरून ओळखलेली होती आणि १६ टक्के सर्वस्वी अनोळखी होती. नावाने ओळखीच्या पात्रांपैकी ४५ टक्के चेहऱ्यावरून ओळखली गेली, तर ४४ टक्क्यांच्या बाबतीत "नुसते माहीत होते" हे कारण दिले गेले. (एका पात्रासाठी एकाहून अधिक कारणे देता येत असत.) आमची वही लहान आहे आणि तिच्यावरून कोणताही आकडा मांडण्याचे धाडस मी करणार नाही, पण सासूबाई आणि साहेब या दोन्ही नोंदी त्या ४४ टक्क्यांच्या शेजारी ठेवून वाचता येतात.

जागेपणी ही ओळख कशी घडते, हे समजले तर स्वप्नातली फारकत कळू लागते. व्हिकी ब्रूस आणि अँडी यंग यांनी १९८६ साली मांडलेल्या आराखड्यानुसार चेहरा पाहणे, तो पूर्वी पाहिलेला आहे हे जाणवणे, तो कोणाचा आहे हे आठवणे आणि त्याचे नाव ओठांवर येणे या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाला रविवार कारंजावर भेटलेल्या माजी विद्यार्थ्याचे नाव न आठवण्याचा अनुभव असतो. तेथे चेहरा, ओळख, वर्ग, बाक सारे हजर असते आणि फक्त शेवटची पायरी निसटते. मेंदूच्या तळाकडील फ्यूझिफॉर्म नावाच्या घडीत, विशेषतः उजव्या बाजूला, चेहरा पाहताना ठळकपणे जागा होणारा एक भाग आहे. नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याचे वर्णन केले. परंतु हा भाग म्हणजे संपूर्ण ओळख नव्हे. माणसाविषयीचे ज्ञान आणि त्याच्याविषयीची आपलेपणाची भावना अन्य ठिकाणांहून येऊन त्या चेहऱ्याला मिळते.

हे मिळणे बिघडले तर काय होते, याची उदाहरणे वैद्यकात आहेत. जोसेफ काप्ग्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९२३ साली एका स्त्रीची हकिकत नोंदवली. आपल्या घरच्यांच्या जागी हुबेहूब तसेच दिसणारे तोतये आले आहेत, अशी तिची खात्री होती. चेहरा तोच, पण माणूस तो नाही. १९२७ साली याच्या उलट प्रकार नोंदला गेला. वेष झटपट पालटणाऱ्या फ्रेगोली नावाच्या इटालियन नटावरून त्याला नाव मिळाले. यात रुग्णाला अनोळखी चेहऱ्यांमागे एकच ओळखीची व्यक्ती दडलेली आहे असे वाटते. चेहरा वेगळा, पण माणूस तोच. सोफी श्वार्ट्झ आणि पिएर माके यांनी २००२ साली स्वप्नातल्या अशा चुकीच्या ओळखीची तुलना या फ्रेगोली विकाराशीच केली. बहिणीच्या स्वप्नातल्या सासूबाई नेमक्या याच प्रकारात बसतात. फरक एवढाच की जागे झाल्यावर बहिणीला विसंगती लगेच दिसली. रेम झोपेत कपाळामागचा, शंका घेणारा आणि पडताळणारा भाग मंदावलेला असतो, हे १९९०च्या दशकातील मेंदूच्या चित्रणांतून दिसून आले आहे. त्यामुळे "हा चेहरा यांचा कसा?" असा प्रश्न विचारणारेच तेव्हा कोणी नसते.

१८ डिसेंबर २०२४

निफाडचा पारा एक आकडी झाला आहे आणि येथेही पहाटे पाचला रजईतून हात बाहेर काढणे कठीण जात आहे. दोन आठवड्यांत चार नोंदी. नोंदींची संख्या थंडीने घटली आहे, स्वप्ने नव्हे, हे नंतर मोजणी करताना विसरू नये म्हणून येथे लिहून ठेवत आहे.

५ जानेवारी २०२५

भाच्याच्या मूळ विधानाकडे आज परतलो. तो हट्टाने नव्हे, तर खऱ्या जिज्ञासेने वाद घालतो, त्यामुळे त्याच्याशी बोलताना माझेही विचार स्वच्छ होतात. त्याचे म्हणणे असे की स्वप्नात अनोळखी वाटलेला चेहरा आपण कोठेतरी गर्दीत पाहिलेला असेल आणि विसरलो असू. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर किती चेहरे डोळ्यांसमोरून गेले असतील, हे त्याने मला विचारले. ते मोजणे अशक्य आहे, हे मी मान्य केले. पण याच कारणामुळे ते विधान तपासताही येत नाही. "हा चेहरा तुम्ही पाहिलाच होता, फक्त तुम्हाला आठवत नाही" असे म्हटल्यावर दुसऱ्या पक्षाला कोणताही पुरावा देणे शक्यच राहत नाही. शिवाय १९ नोव्हेंबरच्या नोंदीत दिसलेली अडचण आहेच : तुलना करायची तर स्वप्नातला चेहरा हातात हवा, आणि हाती असते ती जागेपणी केलेली त्याची दुरुस्त प्रत.

एक आकडा मात्र उपयोगाचा आहे. रॉब जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार माणूस सरासरी सुमारे ५,००० चेहरे ओळखतो. व्यक्तीगणिक हा आकडा १,००० ते १०,००० असा बदलतो. यात नातलग आहेत, शाळासोबती आहेत, नट आणि पुढारीही आहेत. मन चेहऱ्यांबाबत किती समृद्ध आहे हे यातून कळते, पण प्रत्येक चेहरा फोटोसारखा कपाटात ठेवलेला आहे असे यातून निघत नाही.

उलट दिशेने जाणारा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो. ल चांग आणि डोरिस त्साओ यांनी २०१७ साली माकडांच्या मेंदूतील चेहऱ्यांसंबंधीच्या सुमारे २०० पेशींचे काम नोंदवले. एक पेशी म्हणजे एक ओळखीचा चेहरा, असे तेथे आढळले नाही. प्रत्येक पेशी चेहऱ्याच्या एखाद्या मापाला, म्हणजे आकार व वर्ण यांच्या विशिष्ट मिश्रणाला, कमीजास्त प्रतिसाद देत होती. अशी ५० मापे धरून, केवळ पेशींच्या प्रतिसादावरून, माकडाला दाखवलेला मानवी चेहरा पुन्हा रेखता आला आणि तो मूळ चेहऱ्याशी विलक्षण जुळला. वर्गात मी नेमके हेच शिकवत असे. आधी अंडाकृती, मग डोळ्यांची रेघ निम्म्यावर, दोन डोळ्यांत एका डोळ्याचे अंतर, आणि मग प्रत्येक माप थोडे हलवत गेले की नवा माणूस समोर येतो. चेहरे जर मापांच्या रूपाने साठवलेले असतील, तर पूर्वी कधी न आलेला मापांचा मेळ झोपेत जमून येण्यास मला काहीच अडथळा दिसत नाही. हे सिद्ध झालेले नाही, हे मी भाच्याला स्पष्ट सांगितले. मी फक्त "मनाला नवा चेहरा तयारच करता येत नाही" यातील "च" वर आक्षेप घेत आहे.

दोन चेहऱ्यांचा एक चेहरा झाल्याच्या तीन नोंदी वहीत आहेत. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस एकाच काचेवर अनेकांचे फोटो एकावर एक घेऊन मिश्र चेहरे तयार केले होते आणि फ्रॉइड यांनी मित्र व काका यांचा मिळून एक चेहरा दिसलेल्या आपल्या स्वप्नाचे वर्णन करताना त्याच फोटोंचा दाखला दिला. नाशिककराला याहून जवळचा दाखला गोदापात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीचा आहे, असे मी म्हटले, तेव्हा भाच्याने बरोबर हरकत घेतली. मारुतीची दोन मुखे दोन बाजूंना आहेत, ती मिसळलेली नाहीत. वहीतल्या तीनही नोंदी आम्ही पुन्हा वाचल्या, आणि त्यांतील दोन खरोखर मारुतीसारख्या निघाल्या : चेहरा आधी एकाचा होता आणि मान वळताच दुसऱ्याचा झाला. मिश्र चेहरा फक्त एकाच नोंदीत आहे. हा फरक मला एकटीला दिसला नसता.

भाच्याने आणखी एक गोष्ट समोर ठेवली. जाड भुवयांच्या एका माणसाचा चेहरा जगभर हजारो लोकांना स्वप्नात दिसतो, असे काही वर्षांपूर्वी चित्रासह सर्वत्र पसरले होते. ती आंद्रेआ नातेल्ला या इटालियन जाहिराततज्ज्ञाने रचलेली बनावट कथा होती. परंतु चित्र पाहिल्यावर अनेकांना "हाच तो" असे मनापासून वाटले. माझ्या बाबतीत भिंतीवरच्या फोटोने जे केले, तेच त्यांच्या बाबतीत त्या चित्राने केले असावे, असे मला वाटते.

२६ जानेवारी २०२५

अण्णांनी विचारले की बाहेरून यंत्र लावून स्वप्नातला चेहरा पाहता येत नाही का. काही प्रमाणात येते, आणि ते काम फार सुंदर आहे. फ्रान्सेस्का सिक्लारी, जुलिओ तोनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर २५६ विद्युतअग्रे (इलेक्ट्रोड) लावून त्यांना रात्रीत वारंवार उठवले. उठल्यावर ज्यांनी स्वप्नात चेहरा होता असे सांगितले, त्यांच्या मेंदूत उठण्याआधीच्या क्षणांत नेमक्या त्या भागात जलद लहरी वाढलेल्या होत्या, जो जागेपणी चेहरे पाहताना कामाला लागतो. त्याआधी २०१३ साली जपानमध्ये युकियासु कामितानी यांच्या गटाने तिघा जणांना डोळा लागताच पुन्हा पुन्हा, प्रत्येकाला किमान २०० नोंदी होईपर्यंत उठवले आणि मेंदूच्या चित्रणावरून त्यांनी पाहिलेले दृश्य पुरुषाचे होते की स्त्रीचे, इमारतीचे होते की गाडीचे, याचा अंदाज योगायोगापेक्षा बरा बांधून दाखवला.

यामुळे माझा एक गैरसमज दूर झाला. १९ नोव्हेंबरनंतर मी स्वप्नात चेहरा नसतोच, नुसते "माहीत असणे" असते, अशा टोकाला गेले होते. ते बरोबर नाही. चेहरा पाहणारा भाग झोपेतही खरोखर काम करतो, म्हणजे काहीतरी दिसते. तो चेहरा कोणाचा होता आणि त्याचा किती भाग होता, हे मात्र या यंत्रांतून अद्याप कळत नाही. त्यासाठी उठलेल्या माणसाच्या सांगण्यावरच थांबावे लागते आणि म्हणून ते सांगणे शक्य तितके स्वच्छ ठेवणे हेच आमच्या वहीचे काम आहे.

२० मार्च २०२५

काल रंगपंचमी झाली. दुपारी भाच्याबरोबर जुन्या नाशकात रहाड, म्हणजे रंगाने भरलेला हौद, पाहायला गेले. त्यात धप्पा मारून, म्हणजे उडी घेऊन, बाहेर येणारा प्रत्येक जण डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाचा होता. केस चप्प बसलेले, भुवया कपाळाशी एकरूप, कातडीचा वर्ण नाहीसा झालेला. तरीही भाचा वीस पावलांवरून मित्रांना हाका मारत होता. मी त्याला तेथेच विचारले, "कशावरून ओळखलेस?" तो थांबला आणि म्हणाला, "मावशी, माहीतच होते." चाल, खांद्यांची ठेवण, कोण कोणाबरोबर उभा आहे, एवढ्यावर त्याची ओळख पुरी होत होती आणि ती कशावरून झाली हे त्याचे त्यालाही सांगता येत नव्हते.

मला मात्र माझा एक माजी विद्यार्थी समोर येऊन नमस्कार करीपर्यंत ओळखू आला नाही. हेडन एलिस आणि सहकाऱ्यांनी १९७९ सालीच दाखवले होते की नीट परिचयाचा माणूस आपण डोळे, नाक, तोंड या आतल्या भागावरून अधिक चांगला ओळखतो. अनोळखी किंवा जेमतेम पाहिलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र आतल्या भागाचा असा विशेष फायदा होत नाही आणि केस, चेहऱ्याची कड यांचा आधार तितकाच घ्यावा लागतो. केस आणि कड रंगाने पुसली गेली की माझ्यासारखीची पंचाईत होते. आमच्या वहीतही असेच काहीसे दिसते : स्वप्नातल्या अनोळखी माणसांची वर्णने टोपी, दाढी, अंबाडा, चष्मा अशा बाहेरच्या खुणांनी भरलेली आहेत, आणि जवळच्या माणसांच्या वर्णनात यांपैकी जवळपास काहीच नाही.

आज पहाटे स्वप्नात रंगलेली माणसे येतील अशी मला अपेक्षा होती. ती आली नाहीत.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

पहाटे सव्वापाच. आई पुन्हा स्वप्नात आली. या वेळी नियम पाळला आणि डोळे मिटून आधी शब्द जुळवले. वहीत उतरवले ते असे : "ती जमिनीवर बसलेली, मी तिच्या उजव्या बाजूला उभी. वरून दिसले. भांग, कपाळाचा वरचा भाग, उजवा कान, कानात कुडी, मानेवरचा अंबाडा, सुपावर फिरणारी बोटे. डोळे दिसले नाहीत. नाक दिसले नाही. तोंड दिसले नाही. कशावरून ओळखले : माहीतच होते."

मग एवढेच रेखाटले. कपाळाखाली पेन्सिल जाऊ द्यायची नाही, हे फार अवघड गेले, कारण तो भाग मला पाठ आहे आणि हात आपोआप तिकडे वळत होता.

गुढी उभारून झाल्यावर बहीण आली. या वेळी तिने भिंतीकडे पाहिले नाही. कानावर बोट ठेवून म्हणाली, "ताई, फोटोत तर मोत्याच्या कुड्या आहेत." त्या मोत्याच्या कुड्या आईने फोटोपुरत्या मामीकडून मागून आणल्या होत्या. मी काढलेली कुडी लहान, एकाच खड्याची आहे. ती आईची रोजच्या वापरातली. आम्ही दोघींनी कपाटातला डबा काढला. जोडीपैकी एकच शिल्लक आहे. ती चित्राशेजारी ठेवून पाहिली : खडा एकच, आणि बसवलेला तसाच.

पान ८७. रेखाटन कपाळापर्यंत. पुढील भाग कोरा ठेवला आहे.